सही आणि रजामंदी

करार हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की तो अरबीतून आला याची आठवणही कोणाला होत नाही. त्या शब्दाच्या मुळाशी स्थैर्याचा, विसाव्याचा अर्थ आहे. म्हणून तर ज्याच्या जिवाला चैन नाही त्याला आपण बेकरार म्हणतो. दोन पक्ष एका गोष्टीवर येऊन थांबले, दोघांची घालमेल मिटली, म्हणजे करार झाला. परंतु कागदावर करार आहे आणि सही करणारा मात्र बेकरार आहे, अशी अवस्था असेल तर तिला काय म्हणावे? दिलेला शब्द पाळावा हे आपल्याला घरात, मदरशात, शाळेत सगळीकडे शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. शब्दावर विश्वास नसेल तर बाजार चालणार नाही आणि संसारही चालणार नाही. पण शब्द मोडणारा प्रत्येक माणूस बेइमान असतो काय? आणि शब्दाला चिकटून राहणारा प्रत्येक माणूस इमानदार असतो काय?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आम्ही तो व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानावर नेऊन पाहणार आहोत. खेळाच्या पानावरचा विषय इथे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. माणसाच्या मेहनतीचा सौदा इतक्या उघडपणे, इतक्या लोकांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कोणत्याही धंद्यात होत नाही. एका माणसाची किंमत अमुक इतके पौंड, हे वाक्य तिथे कोणाला खटकत नाही. शिवाय तिथे मालक आणि खेळाडू यांच्यातील भांडणाचा सव्वाशे वर्षांचा लेखी इतिहास उपलब्ध आहे.

इंग्लंडमध्ये 1901 साली नियम झाला की कोणत्याही फुटबॉल खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार देता कामा नये. खेळाडू कितीही गुणी असो, मालकाची जास्त द्यायची तयारी असो वा नसो, मर्यादा म्हणजे मर्यादा. तिच्या जोडीला दुसरा एक नियम होता आणि तो अधिक कठोर होता. खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे. कराराची मुदत संपली तरी क्लबने ठरवले तर ती नोंदणी तो आपल्याकडे अडकवून ठेवू शकत असे. मग त्या खेळाडूने तिथे खेळावे किंवा घरी बसावे. दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर त्या क्लबने जुन्या मालकाला पैसे मोजावेत, आणि तेही जुन्या मालकाची मर्जी असेल तरच. म्हणजे करार एका बाजूने संपत असे आणि दुसऱ्या बाजूने चालूच राहत असे.

हे सर्व खेळाडूंनी मुकाट्याने सहन केले असे नाही. 1907 मध्ये मँचेस्टरला खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिच्यात बिली मेरेडिथ हा त्या काळचा नामवंत खेळाडू पुढे होता. 1909 मध्ये फुटबॉलच्या वरिष्ठांनी फर्मान काढले की संघटना सोडा, नाही तर बंदी येईल. बहुतेक खेळाडू नमले. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मात्र हटले नाहीत. त्यांनी एक फोटो काढून घेतला आणि त्यातल्या पाटीवर स्वतःला बहिष्कृतांचा क्लब म्हणवून घेतले. पुढे तडजोड झाली, संघटना टिकली, पण ते दोन नियम जागचे हलले नाहीत. पगाराची मर्यादा थोडी थोडी वाढत गेली आणि 1960 च्या सुमारास हंगामात आठवड्याला वीस पौंडांवर येऊन थांबली.

याच वेळी न्यूकॅसल युनायटेड या क्लबकडे जॉर्ज ईस्टहॅम नावाचा तरुण खेळत होता. क्लबने दिलेल्या घराबद्दल त्याची तक्रार होती. खेळाशिवाय जोडीला मिळालेल्या कामाबद्दल तक्रार होती. देशाच्या युवा संघाकडून खेळण्यात क्लब आडवा येतो, हेही त्याला बोचत होते. 1960 मध्ये त्याची मुदत संपली. त्याने नवीन करारावर सही करायचे नाकारले आणि दुसरीकडे जाऊ देण्याची विनंती केली. क्लबने नकार दिला. ईस्टहॅम मग शहर सोडून इंग्लंडच्या दक्षिण भागात गेला आणि एका परिचिताच्या धंद्यात बुचाचा माल विकू लागला. पायात कसब असलेला माणूस बुचे विकत फिरत होता, कारण ज्या कराराची मुदत संपली होती त्याच्यातून सुटायची वाट नव्हती. काही महिन्यांनी क्लब नमला आणि 47,500 पौंड घेऊन त्याला आर्सेनलकडे सोडले.

त्याचे काम झाले होते. तो गप्प बसला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालील खेळाडूंच्या संघटनेने पाठबळ दिले आणि त्याने न्यूकॅसलवर खटला चालवला. दरम्यान जानेवारी 1961 मध्ये संपाच्या धमकीपुढे मालकांनी माघार घेतली आणि पगाराची मर्यादा गेली. त्याच वर्षी फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंड मिळवणारा पहिला खेळाडू झाला. जुलै 1963 मध्ये खटल्याचा निकाल लागला. मुदत संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्या रोजीरोटीवर घातलेले अवाजवी बंधन आहे, असे न्यायाधीश विल्बरफोर्स यांनी ठरवले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स यांचेच ते वंशज होते. ईस्टहॅमला स्वतःला या निकालातून पैशाच्या रूपाने काही मिळाले नाही. 2024 च्या डिसेंबरात तो वारला. त्याने उघडलेल्या दारातून पुढे हजारो खेळाडू गेले.

आता मालकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण एका बाजूचे ऐकून दिलेला निवाडा इन्साफ ठरत नाही. मालक म्हणत की पगाराला मर्यादा आहे म्हणून लहान गावाचा क्लब मोठ्या शहराच्या क्लबशी टक्कर देऊ शकतो. ती काढा, सगळे चांगले खेळाडू दोन-चार श्रीमंतांच्या दारात जातील. दुसरे असे की पोरगा कोवळा असताना त्याला आम्ही घेतले, शिकवले, दुखापतीत सांभाळले. तो हाताशी आला की त्याने चालते व्हायचे, मग आमच्या खर्चाचे काय? हे दोन्ही मुद्दे पोकळ नाहीत. पहिले भाकीत तर पुढे पुष्कळ अंशी खरेही ठरले. आमचा आक्षेप एवढाच आहे की लहान क्लब जगवण्याचा खर्च खेळाडूच्या खिशातून का काढायचा? गरीब मालक आणि श्रीमंत मालक यांच्यात समतोल साधायचा असेल तर तो मालकांनी आपसात साधावा. नफ्याची वाटणी बरोबरीची करता येत नाही म्हणून मजुराला बांधून ठेवणे, याला न्याय म्हणता येणार नाही.

इंग्लंडमध्ये हे घडले तरी बाकीच्या युरोपात जुनी रीत चालूच होती. बेल्जियमच्या आर.एफ.सी. लिएज या क्लबकडे ज्याँ-मार्क बोसमन खेळत होता. 1990 मध्ये त्याचा करार संपत आला तेव्हा महिन्याला सरासरी 1 लाख 20 हजार बेल्जियन फ्रँक मिळवणाऱ्या या खेळाडूला क्लबने 30 हजारांचा नवा करार पुढे केला. तो त्याने नाकारला. फ्रान्समधला डंकर्क हा क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण तो पैसे भरू शकेल की नाही अशी शंका घेऊन लिएजने त्याचे कागद पुढे पाठवले नाहीत. बोसमन कोर्टात गेला. 15 डिसेंबर 1995 रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूसाठी दुसऱ्या देशातल्या क्लबकडून पैसे मागणे हे कामगाराच्या मुक्त संचाराच्या हक्काच्या आड येते. न्यायालयाने खेळाडूला कामगार म्हटले, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. टाळ्या मिळतात, फोटो छापून येतात, म्हणून माणूस कामगार राहत नाही असे नाही. ज्या बोसमनच्या नावाने पुढच्या खेळाडूंनी अमाप पैसा मिळवला, त्याच्या स्वतःच्या वाट्याला मात्र पुढे हलाखी आली. मालकांच्या शिकवणीच्या खर्चाचा प्रश्नही मग वेगळ्या रीतीने सुटला. 2001 पासून तरुण खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना भरपाई देण्याचे आणि मुदतीत झालेल्या प्रत्येक सौद्यातला पाच टक्के हिस्सा त्यांच्यात वाटण्याचे नियम जागतिक संघटनेने केले. खर्च भरून काढायला माणूस अडकवावा लागत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

इथपर्यंत आमची सहानुभूती सरळ रेषेत चालत आली. दुबळा एका बाजूला, सबळ दुसऱ्या बाजूला. असे असले की मत बनवायला कष्ट पडत नाहीत. पण तत्त्वाची परीक्षा तेव्हा होते जेव्हा ते गैरसोयीचे उदाहरण समोर ठेवते.

ते उदाहरण 2025 च्या उन्हाळ्यात घडले आणि योगायोग असा की तेही न्यूकॅसल युनायटेडमध्येच घडले. दरम्यान हा क्लब 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने विकत घेतला होता. स्वीडनचा अलेक्झांडर इसाक 2022 मध्ये सहा वर्षांच्या करारावर तिथे आला. मार्च 2025 मध्ये त्याने लिव्हरपूलविरुद्ध लीग कपच्या अंतिम सामन्यात गोल केला आणि न्यूकॅसलला सत्तर वर्षांनी देशातला मोठा चषक मिळाला. नंतर काही महिन्यांतच त्याने त्याच लिव्हरपूलकडे जायचे म्हटले. कराराची तीन वर्षे बाकी होती. क्लब सोडीना, तेव्हा तो खेळायला उतरला नाही. हंगाम त्याच्याशिवाय सुरू झाला. आपल्याला वचने देण्यात आली होती आणि ती मोडली गेली, असे त्याने जाहीर केले. असे कोणतेही वचन दिले नव्हते, असे क्लबने उत्तर दिले. 1 सप्टेंबरला 12 कोटी 50 लाख पौंडांना सौदा झाला. ब्रिटनमधल्या क्लबने मोजलेली ती तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती.

पासष्ट वर्षांच्या अंतराने एकाच क्लबच्या दोन खेळाडूंनी खेळायला नकार दिला. पहिल्याला आपण हक्कासाठी लढणारा म्हणतो. मग दुसऱ्याला काय म्हणायचे? दुसरा श्रीमंत आहे म्हणून त्याला दोष देणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. हक्क गरिबाचा असतो आणि श्रीमंताचा नसतो, असे कोणी म्हणू लागला तर तो न्याय सोडून मत्सराची भाषा बोलत आहे. फरक दुसरीकडे शोधला पाहिजे.

निकाहच्या वेळी आपण ईजाब आणि कबूल हे दोन शब्द ऐकतो. हे शब्द फक्त निकाहचे नाहीत. एकाने प्रस्ताव ठेवणे आणि दुसऱ्याने तो मान्य करणे, ही कोणत्याही कराराची रीत आहे. कबूल या शब्दाला किंमत केव्हा येते? जेव्हा नाकबूल म्हणण्याचीही मोकळीक असते तेव्हा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो ला आम्ही रजामंदी म्हणणार नाही. ती फक्त सही आहे.

या दृष्टीने पाहिले तर कराराला तीन प्रश्न विचारता येतील. सही करताना नकार देण्याची वाट होती काय? या बंधनाला शेवट आहे काय? आणि बंधन मोडलेच तर होणारी शिक्षा नुकसानाच्या प्रमाणात आहे, की माणसाला पोटापाण्यातूनच उठवणारी आहे?

ईस्टहॅमची स्थिती तिन्ही प्रश्नांवर स्पष्ट आहे. सगळ्या क्लबांचे नियम एकच असल्याने या क्लबला नाही म्हणून त्या क्लबकडे जाण्यात अर्थ नव्हता. बंधनाला शेवट नव्हता. आणि नकाराची शिक्षा म्हणजे मैदानाबाहेर राहणे होते. शिवाय त्याने कोणताही शब्द मोडला नव्हता. त्याने नवा शब्द द्यायचे नाकारले होते, आणि हा फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. इसाकचे तसे नाही. 2022 मध्ये त्याला नकार देता आला असता. बंधनाला 2028 ही तारीख होती. न खेळल्याने त्याची कारकीर्द संपणार नव्हती. त्याने दिलेला शब्द खऱ्या अर्थाने दिलेला होता, म्हणून तो मोडताना त्याच्यावर जबाबदारी येते. त्याच्या सोबत्यांना तो नसताना खेळावे लागले. सत्तर वर्षांनी आनंद पाहिलेल्या त्या शहरातल्या साध्या लोकांना काय वाटले असेल, हेही मोजले पाहिजे. त्यांची सही कोणत्याच कागदावर नसते, पण मालकाची तिजोरी आणि खेळाडूचा पगार यांत त्यांचा पैसा असतो.

तरीही आम्ही सगळा दोष इसाकच्या पदरात टाकू इच्छित नाही. कचेरीतला कारकून महिना-दोन महिन्यांची नोटीस देऊन नोकरी सोडू शकतो. फुटबॉल खेळाडूला ते करता येत नाही. त्याच्या आयुष्यातली कमाईची आणि कर्तबगारीची वर्षे मोजकी असतात आणि त्यांतली सहा एका सहीने बांधली जातात. वाजवी भरपाई देऊन बाहेर पडायचा रस्ताच नसेल तर माणूस भिंतीला धडका देणार. फ्रान्सच्या लासाना दियाराचे उदाहरण पाहावे. मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबने 2014 मध्ये त्याचा करार संपवला आणि भरपाईपोटी 1 कोटी 5 लाख युरोंचा बोजा त्याच्यावर बसला. जो नवा क्लब त्याला घेईल त्याच्यावरही तो बोजा येणार, असा नियम होता. परिणामी बेल्जियमचा एक क्लब तयार असूनही मामला फिसकटला. 4 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपीय न्यायालयाने हे नियम कामगाराच्या हक्कांविरुद्ध असल्याचे म्हटले. शब्द मोडणाऱ्याने भरपाई द्यावी हे ठीक. पण भरपाई इतकी असू नये की पुढची रोटी कमावण्याचाच मार्ग बंद व्हावा. तिसरा प्रश्न आम्ही विचारतो तो यासाठी.

स्पेनमध्ये यावर एक तोड आहे. तिथे मुदतीआधी करार सोडायचा तर किती रक्कम भरायची हे करारातच लिहिले जाते. अशीच 22 कोटी 20 लाख युरोंची रक्कम भरून नेमार 2017 मध्ये बार्सिलोनातून पॅरिसला गेला. पण मालक हुशार असतो. त्याच क्लबच्या मेस्सीच्या करारात ही रक्कम 70 कोटी युरो होती. 2020 मध्ये त्याने जायचे म्हटले तेव्हा क्लबने या आकड्याकडे बोट दाखवले आणि त्याला आणखी एक वर्ष राहावे लागले. इतक्या रकमेच्या कलमाला भिंतीवर रंगवलेला दरवाजा म्हणावे. दिसतो, पण उघडत नाही.

आता वचनांचा प्रश्न. इसाक म्हणतो शब्द दिला होता, क्लब म्हणतो दिला नव्हता. खरे काय ते अल्लाह जाणे, आम्ही त्यात निवाडा करू शकत नाही. मात्र या धंद्यात एक खोड आहे, तिच्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. सोयीचे असेल तेव्हा कागद पुढे करायचा आणि सोयीचे असेल तेव्हा जबान पुढे करायची, ही ती खोड. मालक खेळाडूला घेताना भाऊ, कुटुंब, घर असे शब्द वापरतो आणि सोडायच्या वेळी कलम वाचून दाखवतो. खेळाडूही क्लबच्या खुणेचे चुंबन घेतो आणि पुढच्या हंगामात दुसरी खूण चुंबतो. ज्याला लेखी बंधनावर बोट ठेवायचे आहे त्याने तोंडी गोडवा वापरू नये. आणि ज्याने तोंडी शब्द दिला त्याने तो लेखी नाही म्हणून झटकू नये. तोंडी शब्द पुराव्याने सिद्ध करता येत नाही, एवढ्यानेच तो खोटा ठरत नाही.

शेवटी आपल्या देशाकडे यावे लागते. 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचे व्यापारी हक्क आणि महासंघ यांच्यातल्या कराराचा तिढा सुटेना, तेव्हा हंगामच लांबणीवर पडला. ऑगस्टमध्ये बेंगळुरूच्या क्लबने पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. दुसऱ्या काही क्लबांनीही हात आखडता घेतला. मुंबईसह सगळ्या क्लबांतले खेळाडू वाट पाहत बसले. क्लबांचीही अडचण खरी होती. सामनेच नाहीत तर पैसा कुठून येणार? पण या खेळाडूंनी कोणताही शब्द मोडलेला नव्हता. भांडण वरच्या दोन पक्षांचे, आणि चूल मात्र तिसऱ्याची विझते. इसाकने एका महिन्याचा खेळ थांबवला तर जगभर बेइमानीची चर्चा झाली. पगार थांबवणाऱ्या मालकाला मात्र आपण परिस्थितीने हतबल म्हणतो. एकाच कृत्याला खाली बेइमानी आणि वर मजबुरी असे दोन शब्द का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच की शब्द पाळण्याचे ओझे दोघांनी सारखे उचलायचे असेल तर शब्द देतानाची मोकळीकही दोघांना सारखी हवी. जिथे ती नसते तिथे नकार देणारा ईस्टहॅम कराराची इज्जत वाढवतो. जिथे ती असते तिथे सही करणाऱ्याने, मग तो मालक असो की खेळाडू, आपल्या सहीखाली उभे राहावे. आणि ज्याच्या हाती कागद लिहिण्याची ताकद आहे, त्याच्याकडून हिशेब आधी मागावा.